चार दिवसांचं युद्ध आणि आमच्या घरातला अबोला

दांडियाबाजारकर | ११ मे २०२५, सकाळी ११:४०

मंडळी, लिहू की नको असं कालपासून चाललंय मनात, शेवटी लिहितेच. राजकारणाचा धागा म्हणून काढत नाहीये, पण राजकारण येणारच त्यात, इलाज नाही.

आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, खाली आम्ही, वर दीर-जाऊ. मुलगा जामनगरजवळ रिफायनरीत नोकरीला, दीड वर्ष झालं. सात तारखेला आपण पाकिस्तानातले आणि पाकव्याप्त काश्मीरमधले नऊ दहशतवादी अड्डे उडवले ती बातमी भाऊजींनीच सकाळी जिन्यातून ओरडून सांगितली आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. काश्मीरात पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात गेलेले ते सव्वीस जीव, त्यातले सहा महाराष्ट्रातले, तीन आपल्या गुजरातचे, भावनगरचे तर बाप-लेक दोघंही गेले, रोज डोळ्यासमोर यायचं. त्याच दिवशी मॉक ड्रिल झालं, रात्री अर्धा तास दिवे घालवायचे, गुजराती पेपरात अंधारपट म्हणून छापलेलं. सगळी गल्ली ओटल्यांवर येऊन बसली, पोरं शिट्ट्या मारत होती, आइस्क्रीमवाला पण थांबला. भीती अशी कुणाला वाटलीच नाही.

मग कच्छवर ड्रोन यायला लागले. जामनगरचा एअरपोर्ट बंद झाला आणि तिकडे खराखुरा ब्लॅकआऊट. मुलाचा फोन, आई आम्ही ठीक आहोत, पडद्यावर चादरी लावल्यात, मोबाईल पण पांघरुणात धरून बोलतोय. एवढी मोठी रिफायनरी त्याच्या उशाशी आहे हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

मी त्या दिवसांत छुंदा, म्हणजे कैरीचं उन्हात मुरवायचं गोड लोणचं, घातला होता. पाच किलो राजापुरी किसून साखर चोळून पातेलं गच्चीत, वर मलमलचं फडकं बांधलेलं. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस येऊन गेलेला, त्यामुळे सकाळी वर न्यायचं, ढवळायचं, संध्याकाळी खाली आणायचं. काल शनिवारी संध्याकाळी पातेलं घेऊन उतरत होते आणि भाऊजी जिन्यात भेटले, म्हणाले पाच वाजल्यापासून गोळीबार बंद, टीव्हीवर आलंय. मी पातेलं पायरीवर टेकवलं आणि हात जोडले, म्हटलं थांबलं बाई एकदाचं. तर भाऊजी म्हणतात, "वहिनी, थांबायला नको होतं. आत्ता कुठे नीट ठोकत होतो. तुमच्यासारख्यांमुळेच दर वेळी अर्ध्यावर सोडतात."

तुमच्यासारख्यांमुळे! अठ्ठावीस वर्षं एका घरात राहतोय, माझ्या बाळंतपणात रात्री रिक्षा शोधायला हेच धावले होते. मग रात्री जाऊबाईंनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलं की आत्ता शांतता मागणारे सगळे शत्रूचे हस्तक. नाव कुणाचं नाही, पण ग्रुपवर शांतता मागणारी मी एकटीच होते. कालपासून जिना मुका झालाय.

तुमच्याकडे काय झालं या चार दिवसांत? आणि आईला भीती वाटली तर ते मत धरायचं की नाही?

मांडवी कट्टा | ११ मे २०२५, दुपारी १२:२०

ताई, मुलाची काळजी समजते, पण दिरांचं तरी चुकलं काय ते मला सांगा. २००१ ला संसद, २००८ ला मुंबई, २०१६ उरी, २०१९ पुलवामा, दर वेळी आपण काय केलं आणि त्यांना किती दिवस पुरलं? दोन-चार वर्षांत परत तेच. ह्या वेळी पहिल्यांदा वाटलं की आता खोड मोडणार, आणि थांबलो. तेही आपल्या परराष्ट्र सचिवांच्या आधी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जगाला सांगितलं. ते मला फार टोचलं, अजून टोचतंय. आमचं कापडाचं दुकान आहे, लग्नसराई असून तीन दिवस गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, पण मी दुकानातल्या पोरांना म्हटलं चालेल, महिनाभर असं राहिलं तरी चालेल. हे नुसतं टीव्ही बघून बोलत नाहीये, गल्ल्यावर बसून बोलतोय.

सीए फायनल | ११ मे २०२५, दुपारी १:०५

आमच्याकडे पप्पा आणि टीव्ही. आठ तारखेच्या रात्री चॅनेलवाले कराची बंदर उडालं, अमुक शहर घेतलं, काय वाट्टेल ते सांगत होते आणि पप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते, मी आतून ओरडून सांगतोय पप्पा हे कुठेच कन्फर्म नाहीये, तर म्हणे तुला देशाचं चांगलं झालेलं बघवत नाही. सकाळी त्यातलं काहीच खरं निघालं नाही, आणि पप्पा त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

माझं म्हणाल तर मला वाटतं हल्ला केला ते बरोबर आणि थांबलो तेही बरोबर, पण असं बोललं की दोन्हीकडचे चिडतात. बाकी माझ्यापुरतं युद्ध म्हणजे आमच्या परीक्षा, ९ ते १४ मेचे पेपर पुढे ढकललेत. सहा महिने ज्या तारखांवर जगतोय त्याच हलल्या. पुस्तक उघडलं की डोकं चालत नाही आणि बंद केलं की लाज वाटते, तिकडे लोक काय भोगतायत आणि मला पेपरची पडलीये.

फौजीची ताई | ११ मे २०२५, दुपारी ३:३०

नाव-गाव, युनिट काही लिहिणार नाही. भाऊ आर्मीत आहे, तो कुठे होता ते अजूनही मला माहीत नाही. पाच दिवस फोन बंद. आज सकाळी दोन टिक निळ्या झाल्या आणि एक अंगठा आला, तेवढंच.

मांडवी दादा, तुम्ही म्हणता महिनाभर चालेल. तुमच्या मनात वाईट नाही हे कळतं, पण "चालेल" हा शब्द माझ्या आईसमोर उच्चारून बघा. आणि ताई, तुम्हालाही सांगते, भाऊ इथे असता तर कदाचित तुमच्या दिरांसारखंच बोलला असता. गेल्या सुट्टीत म्हणाला होता की आम्हाला अर्धवट ठेवलेलं काम सगळ्यात जड जातं. त्यामुळे फौजीच्या घरचे म्हणजे एकाच मताचे असं कुणी धरू नका, आमच्या एका घरात तीन मतं आहेत आणि तिघांनाही रात्रीची झोप नाही.

राग मला कशाचा आला सांगू? पहलगामला लग्नानंतर आठवड्यात नवरा गमावला त्या मुलीच्या बाबतीत जे झालं त्याचा. ती एवढंच म्हणाली की मुसलमानांवर, काश्मिरींवर राग काढू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवाय. तर तिला काय काय बोलले लोक! महिला आयोगाला सांगावं लागलं की हे बरं नाही. आणि आता परराष्ट्र सचिवांच्या मागे लागलेत, त्यांच्या मुलीपर्यंत गेलेत. थांबायचं हा काय त्यांच्या एकट्याचा निर्णय होता?

जुना बडोदेकर | ११ मे २०२५, रात्री ९:१५

धागा वाचला. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

१९६२ साली मी अकरा वर्षांचा. आमच्या घरात आजोबा कट्टर काँग्रेसवाले आणि धाकटे काका जनसंघात, पंगतीत दोघांच्या मध्ये मुद्दाम मला बसवायचे. चीनची लढाई सुरू झाली आणि संरक्षण निधीला सोनं द्यायचं आवाहन आलं. आजीने हातातल्या पाटल्या उतरवल्या. निघेनात, मग साबणाचं पाणी लावून काढल्या, मनगट लाल झालेलं मला अजून दिसतं. काका तिला म्हणाले, ज्यांनी सैन्याला धड बूट दिले नाहीत त्यांच्या हातात पाटल्या देतेस? आजी म्हणाली, मी त्यांना नाही देत, बर्फात उभ्या आहेत त्या पोरांना देते. काका गप्प झाले पण त्यांचं म्हणणं त्यांनी सोडलं नाही, आणि आजोबांनीही त्यांना घराबाहेर काढलं नाही.

दिल्लीतही तेच चाललं होतं. लढाई चालू असताना, तरुण वाजपेयींनी वगैरे मागणी केली म्हणून नेहरूंनी ८ नोव्हेंबरला संसद बोलावली, समोर बसून टीका ऐकली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना लढाई संपायच्या आधीच मंत्रिमंडळातून जावं लागलं. तेव्हा सरकारला विचारणं म्हणजे शत्रूला मिळणं असं म्हणणारे नव्हते का? होते, भरपूर होते. पण विचारणारेही मागे हटले नाहीत.

लढाईची झळ कुठून कुठे पोचते बघा. पुढच्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजीभाईंचा सुवर्ण नियंत्रणाचा नियम आला, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायचे नाहीत. घडियाळी पोळीतले कारागीर हातावर हात धरून बसले. आमच्या शेजारचे सोनार हिमालयापासून शेकडो मैल लांब, त्यांची बागेसरी, म्हणजे सोनारकामाची शेगडी, विझली. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्याची शाळा सुटली ती सुटलीच.

पासष्टला खिडक्यांना खाकी कागद, मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, शाळेच्या मैदानात वाकडे-तिकडे चर खणलेले. बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी तेव्हा नुकतीच उभी राहत होती, म्हणून मोठी माणसं तिकडे बोट करून हळू आवाजात बोलायची. चांदण्या रात्री सूरसागर तलाव लखलखायचा, आजोबा म्हणायचे खिडकी झाकाल, ह्याला कोण झाकणार? सोमवारी रात्री शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून चूल नाही. आणि १९ सप्टेंबरला आपले मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचं विमान कच्छात पाडलं, पत्नीही बरोबर होत्या. मुख्यमंत्री जर आकाशात सुरक्षित नाही तर आपण कोण, असं त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर होतं. चार दिवसांनी लढाई थांबली तेव्हा काका म्हणाले लाहोरपर्यंत जायला हवं होतं, आणि आजीने देवापुढे साखर ठेवली. दोघांचं एकाच घरात झालं.

दांडियाबाजारकर, तुमची भीती हे मत आहे का असं विचारलंत. माझ्या आजीच्या साखरेला आमच्या घरात कुणी नाव ठेवलं नव्हतं.

कच्छी सून | १२ मे २०२५, सकाळी ७:५०

माहेर प्रतापनगर, सासर भुज. काल रात्री पहिल्यांदा नीट झोपलो म्हणून आता लिहितेय.

शनिवारी थांबलं थांबलं म्हणून बडोद्याहून आईचा आनंदाचा फोन, आणि फोन चालू असतानाच इकडे परत ड्रोन दिसले म्हणून परत अंधार. आईला म्हटलं ठेव, नंतर करते. त्या रात्री तुम्ही लोक थांबायला हवं होतं की नको यावर भांडत होतात तेव्हा आमचं थांबलंच नव्हतं.

एक गोष्ट सांगते. सासूबाईंनी २००१ चा भूकंप पाहिलाय. तेव्हापासून त्यांच्या अंगातच बसलंय की जमीन हलली, मोठा आवाज झाला, काही झालं की बाहेर उघड्यावर पळायचं. आणि आता सायरन वाजला की आत राहा, खिडकीपासून लांब. पहिल्या रात्री आवाज झाल्याबरोबर त्या चप्पल न घालता अंगणात, मी त्यांना धरून आत आणतेय आणि त्या माझा हात सोडवतायत, बेटा छत पडशे, बेटा छत पडशे. दुसऱ्या रात्री मी त्यांच्या शेजारीच जमिनीवर झोपले, पदराची गाठ माझ्या ओढणीला बांधून.

ह्याच सासूबाईंच्या ओळखीच्या बायका माधापरच्या, १९७१ ला भुजची धावपट्टी बॉम्बने उखडली तेव्हा तीनशे जणींनी ७२ तासांत परत उभी केली होती. त्यामुळे कच्छी माणूस घाबरट आहे असं कुणी म्हणू नका. पण इथे चार दिवसांत मी एकाच्याही तोंडून "अजून ठोका" ऐकलं नाही, "बस करा" पण ऐकलं नाही. पाण्याच्या बाटल्या भर, बीपीच्या गोळ्या वर ठेव, इन्व्हर्टरचं लाल बटण पण चिकटपट्टीने झाक, हेच बोलणं.

प्रतापनगर शाळा | १२ मे २०२५, दुपारी ४:१०

मी शिकवते. आठ तारखेला दहावीचा निकाल लागला, पोरं मार्कशीटचे फोटो पाठवतायत आणि मधेच हजीरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ, आगीचे लोळ. एका पालकाने लिहिलं मॅडम सुरत गेलं, आमचे तिथे नातेवाईक आहेत. सरकारच्या फॅक्ट चेकने सांगितलं की तो २०२१ चा, एका तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा आहे. मी ते ग्रुपवर टाकलं, तर ज्यांनी व्हिडिओ पाठवला तेच म्हणाले, सावध राहायला काय जातं? जातं हो. ती बाई तासभर सुरतला फोन लावत होती.

आणि चॅनेलवर बातम्यांच्या मागे सायरन वाजवत होते ते! आमच्या समोरच्या आजींना ऐकू कमी येतं पण तो आवाज बरोबर पोचायचा, देवघरात जाऊन बसायच्या. शेवटी सरकारने चॅनेलना सांगितलं की कार्यक्रमात सायरन वापरू नका.

आता जे मला मुख्य लिहायचंय ते. माझे नेहमीचे रिक्षावाले भाई, मुसलमान, आठ वर्षं मला शाळेत सोडतात. पहलगामनंतर त्यांनी रिक्षाच्या मागे तिरंगा लावला. मी सहज म्हटलं छान दिसतो, तर हळूच म्हणाले, "हवे लगाववो पडे, बेन." (आता लावावा लागतो, ताई.) मला पुढे बोलता येईना, शाळा येईपर्यंत दोघंही गप्प. आणि दुसऱ्याच आठवड्यात लष्कराच्या कारवाईची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर, आपल्या बडोद्याच्या, आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकलेल्या. भाईंनी तो व्हिडिओ सिग्नलला थांबून मला दाखवला, पूर्ण, आवाज मोठा करून. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारत होते, ते हलेनात.

मांडवी कट्टा | १२ मे २०२५, रात्री ९:४०

आत्ता पंतप्रधानांचं भाषण ऐकलं, कारवाई फक्त स्थगित केलीये म्हणाले, थोडं बरं वाटलं.

फौजीची ताई, "चालेल" हा शब्द मी मागे घेतो. माझं नुकसान म्हणजे चार साड्या कमी खपल्या, ते मी कशाशी तोलत होतो ते तुम्ही लिहिल्यावर कळलं. पण माझं मत तेच आहे, हे अर्ध्यावर सोडलं तर पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी हेच होईल. कच्छी सूनताई, तुम्ही बाटल्या भरत होतात ते वाचून गळ्याशी आलं, तरीही तेच आहे. आणि दांडियाबाजारकर ताई, दिरांचं मत मला पटतं पण "तुमच्यासारख्यांमुळे" हे चूक. ते त्यांनी परत घ्यायला पाहिजे.

नाना, सोन्याचा नियम माहीत होता, पण आपल्या घडियाळी पोळीत असं झालं हे ठाऊक नव्हतं. माझे आजोबा त्याच सुमारास सोनारकाम सोडून कापडात आले. का सोडलं ते घरात कधी कुणी बोललं नाही. वडिलांना विचारतो.

संपादक | १३ मे २०२५, सकाळी १०:००

रात्रीतून आलेले दोन प्रतिसाद काढलेत. एकात एका सदस्याला देश सोडून जायला सांगितलं होतं, दुसऱ्यात एका धर्माबद्दल लिहिलं होतं. मत कुठलंही मांडा, समोरच्याला हाकलू नका.

सीए फायनल | १५ मे २०२५, रात्री ११:३०

अपडेट. मध्य प्रदेशातल्या मंत्र्याने कर्नल कुरेशींबद्दल जे काही बरळलं त्यावर तिथल्या हायकोर्टाने स्वतःहून एफआयआर नोंदवायला सांगितला. पप्पांनी ती बातमी मला वाचून दाखवली आणि म्हणाले, हे बरं केलं कोर्टाने, बडोद्याची पोर आहे ती. कराचीवर अजून काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

दांडियाबाजारकर | १८ मे २०२५, रात्री १०:३०

सगळ्यांना एकेकाला लिहायचं होतं, जमलं नाही, पण प्रत्येक प्रतिसाद दोन-तीनदा वाचलाय. नाना, तुमच्या आजीची साखर यांना वाचून दाखवली.

काल सकाळी मुलगा आला, रात्रीच्या बसने. वजन उतरलंय. वरून भाऊजी आणि जाऊबाई दोघंही उतरले, भाऊजींनी त्याची बॅग घेतली. सोमवारी पंतप्रधानांचं भाषण त्यांनी एवढ्या मोठ्याने लावलं होतं की खाली शब्दन् शब्द ऐकू यावा, आठवडाभर आमचं बोलणं नव्हतं, आणि काल पोहे करताना जाऊबाई नेहमीसारख्या माझ्या हातातली किसणी काढून खोबरं किसायला बसल्या. मग कळलं की त्या तीन रात्री भाऊजी मुलाला रोज फोन करत होते, बारानंतर, गच्चीत जाऊन. मला कुणी सांगितलं नव्हतं, मुलानेही नाही.

दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो. मुलगा पहिल्यांदाच त्या रात्रींबद्दल बोलला. सगळे अंधारात पॅसेजमध्ये बसायचे, एक बिहारचा मुलगा होता त्याच्या घरी बहिणीचं लग्न होतं, तो व्हिडिओ कॉलवर अंधारातूनच हळद बघत होता. आणि मग मुलगा म्हणतो, "आई, तुला राग येईल, पण मला वाटतं अजून दोन-चार दिवस चालायला हवं होतं. आम्ही काढले असते."

मी वाढता वाढता थांबले. मला वाटलं आता भाऊजी म्हणतील, बघा वहिनी. ते म्हणाले, "अजून दोन-चार दिवस म्हणजे तू तिथे अजून..." आणि पुढे काही बोललेच नाहीत. ताटातली भाखरी मोडत बसले. मग म्हणाले, जेव आधी तू.

माझं मत आहे तिथेच आहे, मुलाचं ऐकूनही. "तुमच्यासारख्यांमुळे" परत घेतलं नाही त्यांनी, मीही मागितलं नाही. छुंदा छान झालाय, पाक बरोबर एकतारी आला. मुलगा आत्ता नऊच्या बसने परत गेला. दोन बरण्या त्याच्याबरोबर दिल्या, एक त्या बिहारच्या मुलासाठी, आणि एक वर ठेवून आले.